रोज 40 वाघिणी पीठ : रशियन क्रांती महायुद्धाने घडवली, की युद्धाने फक्त तारीख ठरवली?

सांधेवाला

1917 च्या रशियन क्रांतीचा विषय निघाला की आपली गाडी मार्क्स, लेनिन आणि रासपुतिन या तीनच स्टेशनांवर थांबते. मला मालधक्क्यावर उतरायचंय.

माझं म्हणणं असं : झारशाही महायुद्धामुळेच पडली. तीही तानेनबर्गसारख्या पराभवांमुळे नाही, तर देशाची वाहतूक बसली म्हणून. युद्ध नसतं तर फेब्रुवारी (झारला घालवणारी क्रांती) झाला नसता, आणि फेब्रुवारी नसता तर ऑक्टोबरचा (लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने सत्ता घेतली त्याचा) प्रश्नच नव्हता. (रशियातल्या घटनांच्या तारखा जुन्या रशियन पंचांगाने देतोय. 13 दिवस मिळवा म्हणजे आपली तारीख येते.)

आता हिशेब बघा. फेब्रुवारी 1917 मध्ये राजधानी पेत्रोग्राडची (युद्धापूर्वीचं पीटर्सबर्ग) वस्ती सुमारे 24 लाख. लष्करी विभागप्रमुख जनरल खबालोव याच्या आकड्यांनुसार शहरात साधारण 5 लाख पूड पीठ शिल्लक होतं आणि रोजचा खप 40 हजार पूड. म्हणजे बारा दिवसांची बेगमी. पूड म्हणजे 16.38 किलो, आणि रशियन वाघिणीत, म्हणजे रेल्वेच्या मालडब्यात, साधारण हजार पूड माल मावतो. तेव्हा राजधानीला रोज 40 वाघिणी पीठ हवं होतं. एक मालगाडी! जगातल्या सर्वांत मोठ्या सलग साम्राज्याला दिवसाला एक मालगाडी वेळेवर आणता येईना.

धान्य नव्हतं म्हणावं तर तेही खरं नाही. युद्धाआधी रशिया वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास धान्य निर्यात करत होता. 1914 च्या शरदात तुर्कांनी दार्दानेल्स बंद केलं आणि ते धान्य घरातच अडकलं. तरीही राजधानीत पावासाठी रांगा.

याचं मूळ कोळशात आहे. युद्धापूर्वी पीटर्सबर्गचे कारखाने ब्रिटनहून बाल्टिकमार्गे येणाऱ्या कोळशावर चालत. जर्मन आरमाराने बाल्टिक बंद केला. आता तोच कोळसा दोन्यत्सच्या खाणींतून, दीड हजार किलोमीटरवरून, रुळांवरून आणायचा. म्हणजे जे ओझं कधी रेल्वेवर नव्हतंच ते एका रात्रीत तिच्यावर पडलं. त्याच रुळांवरून आघाडीकडे तोफगोळे आणि घोड्यांचा चारा जायचा. चाऱ्याकडे लोक दुर्लक्ष करतात. एका घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो ओट आणि गवत लागतं आणि रशियन सैन्यात घोडे लाखांनी होते. गवत जागा फार खातं; वजनाने वाघीण भरायच्या आधी ती आकारानेच भरते.

वर दोन धनी. आघाडीलगतच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यातली रेल्वे लष्करी मुख्यालयाकडे, उरलेली वाहतूक मंत्रालयाकडे. लष्कराच्या हद्दीत गेलेली रिकामी वाघीण परत कधी येईल हे मंत्रालयाला सांगता येत नसे. 1915 च्या माघारीत पोलंड-लिथुआनिया गेले, मागोमाग लाखो निर्वासित गाड्यांनी पूर्वेकडे आले. त्यावर 1917 चा जानेवारी-फेब्रुवारी कडाक्याचा : इंजिनांच्या नळ्या फुटल्या, रूळ बर्फाखाली गेले.

बाहेरून मदत येत होती, पण कुठून? अर्खांगेल्स्क निम्मं वर्ष गोठलेलं आणि त्याला जोडणारा मार्ग सुरुवातीला एकेरी, अरुंद मापाचा. व्लादिवोस्तोक नऊ हजार किलोमीटरवर. मुर्मान्स्कची रेल्वे पुरी झाली नोव्हेंबर 1916 मध्ये, म्हणजे वरात गेल्यावर घोडं.

---

बांधावरून

मालधक्क्यावरून गाव दिसत नाही, हा या धाग्याचा दोष.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, अशातला हा प्रकार आहे. तुम्ही कावळ्याचं वजन मोजताय. फांदी किती कुजली होती ते बघा.

एप्रिल 1912 मध्ये सायबेरियात लेनाच्या सोन्याच्या खाणींवर निःशस्त्र संपकऱ्यांवर गोळीबार झाला, शेकड्यांनी माणसं पडली. तिथून संपांची लाट चढत गेली ती थेट जुलै 1914 पर्यंत. त्या वर्षाच्या पहिल्या सात महिन्यांत दहा लाखांहून अधिक कामगार संपावर गेले. बाकूच्या तेलकामगारांना पाठिंबा द्यायला पुतिलोव कारखान्यात सभा झाली, 3 जुलैला पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि फ्रान्सचे अध्यक्ष पॉइन्कारे राजधानीत पाहुणचार घेत असताना तिथल्याच वायबोर्ग भागात रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. तेव्हा कुठे होतं तुमचं युद्ध?

आणि खरा प्रश्न जमिनीचा. 1861 मध्ये भूदासांना मुक्ती दिली, पण जमीन विकत दिली. हप्ते 1907 मध्ये माफ होईपर्यंत म्हणजे जवळपास अर्धं शतक शेतकरी फेडत बसला. पंतप्रधान स्तोलीपिनने सामायिक गावव्यवस्था मोडून खासगी मालक तयार करायचा घाट घातला. 1911 मध्ये किएव्हला त्याचा खून झाला आणि 1916 पर्यंत युरोपीय रशियातल्या साधारण पाचव्या हिश्शाच्याच कुटुंबांनी गावापासून वेगळी मालकी घेतली होती. बाकीच्यांच्या मनात एकच : जमीनदाराची जमीन आपली आहे, तिची वाटणी आज ना उद्या होणार. युद्धाने या माणसाला उचललं, बंदूक दिली आणि राजधानीत आणून बसवलं. हे युद्धाचं श्रेय नव्हे, त्याचा मूर्खपणा.

---

सांधेवाला

जुलै 1914 बद्दल बोलताना पुढचं पान का उलटत नाही? तो संप मोडला तो सैन्याने आणि टाळेबंदीने, आणि युद्ध जाहीर व्हायच्या *आधी* मोडला. मॉस्को फारसं हललं नाही. गावं तर मुळीच नाहीत. जर्मनीविरुद्ध लामबंदी झाली तेव्हा बोलावलेल्यांपैकी बहुतेक सगळे हजर झाले. वाटेत दारूची दुकानं फोडली हे खरं, पण हजर झाले.

आणि 1905 ची क्रांती आठवा. तेव्हाही युद्ध होतं, जपानशी. तेव्हाही जमिनीचा प्रश्न होता, तुमच्याच हिशेबाने 1917 पेक्षा जास्त पेटलेला. डिसेंबर 1905 मध्ये मॉस्कोत सशस्त्र उठाव झाला. मग राजवट टिकली कशी? पीटर्सबर्ग-मॉस्को लोहमार्ग, निकोलायेवस्काया, संपात उतरला नाही. त्याच मार्गाने सेम्योनोव्स्की रेजिमेंट मॉस्कोला पोचली आणि प्रेस्न्या भागावर तोफा डागल्या गेल्या. पोर्ट्समथचा तह सप्टेंबरमध्येच झाला होता, म्हणून झारला देशात वापरायला सैन्य मोकळं होतं.

फांदी कुजली होती हे मान्य. पण बसला तो कावळा नव्हता, हत्ती होता. दीड कोटीच्या आसपास पुरुष गणवेशात गेले. कुठलीही फांदी मोडली असती.

---

वेशीबाहेर

दोघेही पिठाभोवती आणि बांधाभोवती फिरताय. राजवट पडते ती भुकेने नाही, शिपायाने गोळी झाडायला नकार दिला की पडते. तेव्हा पेत्रोग्राडच्या छावणीकडे या.

23 फेब्रुवारीला, महिलादिनी, वायबोर्ग भागातल्या सूतगिरण्यांतल्या बायका बाहेर पडल्या. आदल्या दिवशी पुतिलोवमध्ये टाळेबंदी झालेली होतीच. पहिल्या दिवशी संपावर सुमारे 90 हजार, 25 तारखेला दोन लाखांच्या वर. इथपर्यंत हे 1905 पेक्षा वेगळं नाही. 26 ला रविवारी सैन्याने झ्नामेन्स्काया चौकात गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि संध्याकाळी सरकारला वाटलं की मिटलं. 27 ला सकाळी वोलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीने, आदल्या दिवशी गोळ्या झाडणाऱ्याच तुकडीने, सार्जंट किर्पिच्निकोवच्या पुढाकाराने बाहेर पडायला नकार दिला. त्यांच्या कप्तानाला गोळी लागली. त्यानंतर परतीचा रस्ताच उरला नाही, म्हणून ते शेजारच्या बराकींत दुसऱ्यांना ओढायला गेले. संध्याकाळपर्यंत हजारोंनी शिपाई फुटले होते.

हे शिपाई कोण? नावाला शाही रक्षकदल. मूळ रक्षकदल 1914 पासून झिजत 1916 च्या उन्हाळ्यात कोवेलच्या बाजूला स्तोखोद नदीच्या दलदलीत जवळपास संपलं होतं. राजधानीत होत्या त्या त्यांच्या राखीव पलटणी : दीड लाखाच्या वर माणसं, मूळ क्षमतेच्या कित्येक पट गर्दीने बराकींत कोंबलेली. एकेका कंपनीत हजाराच्या वर नवशिके, आणि त्यांना हाताळायला बोटावर मोजण्याइतके अधिकारी, तेही बरेचसे आघाडीवरून जखमी होऊन आलेले. कित्येकांना पुरेशा बंदुकासुद्धा नव्हत्या. महिन्या-दोन महिन्यांत आपल्याला आघाडीवर पाठवणार हे प्रत्येकाला माहीत.

असं दल संपकऱ्यांच्या वस्त्यांमध्ये ठेवणं ही चूक होती. ती का झाली? बराकी तिथे होत्या म्हणून, एवढंच.

---

तिसरी घंटा

सांधेवाला साहेब "युद्ध नसतं तर" म्हणताहेत, जणू ते अवकाळी पावसासारखं आभाळातून पडलं. युद्ध झारने निवडलं.

1914 च्या 23 जुलैपासूनचे दिवस बघा (हे नवीन पंचांगाने). ऑस्ट्रियाची सर्बियाला निर्वाणीची नोट 23 ला. 28 ला ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारलं. निकोलसने 29 ला सर्वंकष लामबंदीचा हुकूम काढला, रात्री कैसरची तार वाचून मागे घेतला, आणि 30 ला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोवने तासभर डोकं खाल्ल्यावर पुन्हा दिला. 1 ऑगस्टला जर्मनीने युद्ध पुकारलं.

आणि फेब्रुवारी 1914 मध्येच, म्हणजे युद्धाच्या पाच-सहा महिने आधी, माजी गृहमंत्री प्योत्र दुर्नोवो याने झारला लेखी कळवलं होतं : जर्मनीशी लढाई झाली तर मुख्य भार रशियावर पडेल, पराभव झाला तर सामाजिक क्रांती अटळ, आणि उदारमतवाद्यांना ती आवरणार नाही. कट्टर प्रतिगामी माणूस, पण क्रमसुद्धा बरोबर सांगितला. असा सल्ला दप्तरात पडून असताना युद्धात उतरलेल्या राजवटीला "युद्धाने मारलं" म्हणायचं, म्हणजे विहिरीत उडी मारणाऱ्याला पाण्याने मारलं म्हणण्यासारखं.

---

सांधेवाला

घंटा, हा मुद्दा बिनतोड आहे, फक्त त्यात एक रेल्वेचा तपशील राहिला. फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध आंशिक लामबंदी करावी असं झारच्या मनात होतं. सेनापतींनी सांगितलं की तशी धड योजनाच नाही. वॉर्सा विभागाला हात न लावता ऑस्ट्रियावर जाता येत नव्हतं आणि वॉर्साला हात लावला की जर्मनी उठणार. शिवाय आंशिक सुरू केली की नंतर सर्वंकष करताना गाड्यांचं वेळापत्रक विस्कटणार. जर्मनीचंही तेच : त्यांची योजना एकच, आधी फ्रान्स, तेही बेल्जियममधून. वेळापत्रक असं घट्ट बांधलं की मधल्या स्टेशनवर उतरायची सोय राहिली नाही.

---

खतावणी

माझी हरकत मूळ लेखातल्या एका गृहीतकाला आहे. चाळीस वाघिणी उभ्या असत्या तरी त्या भरायला धान्य स्टेशनवर आलं असतं का? नसतं.

पैशाकडे बघा. जुलै 1914 मध्ये चलनात सुमारे 1.6 अब्ज रुबल नोटा, 1917 च्या सुरुवातीला 9 अब्जांच्या वर. सोन्यात बदलून देण्याची हमी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात काढली. आणि त्याच वेळी सरकारने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला : दारूबंदी. व्होडकाची मक्तेदारी सरकारचीच, आणि 1913 मध्ये महसुलाचा पाव हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, त्या बाटलीतून येत होता. लढाई अंगावर आलेली असताना सरकारने हे उत्पन्न सोडलं. आयकराचा कायदा व्हायला 1916 उजाडलं. मधली भोकं नोटा छापून बुजवली. दारूबंदीने दारू थांबलीही नाही. शेतकरी घरी धान्याची गाळू लागला, म्हणजे तेवढं धान्य बाजारातून गेलं ते वेगळंच.

आता शेतकऱ्याच्या जागी बसा. पूर्वी राय (गव्हासारखं धान्य) विकून तो नांगराचा फाळ, खिळे, रॉकेल, कापड घ्यायचा. कारखाने तोफगोळ्यांकडे वळलेले, बाजारात फाळ नाही, कापड दुप्पट-तिप्पट. हातात नोटा येतात त्यांची किंमत महिन्यागणिक घसरते. सप्टेंबर 1916 मध्ये सरकारने धान्याला सर्व व्यवहारांसाठी बांधीव भाव लावला, पण खिळ्याला आणि कापडाला नाही लावला. मग तो धान्य का विकेल? गुरांना घालेल, कोठारात ठेवेल. शेवटी नोव्हेंबर 1916 अखेरीस कृषिमंत्री रित्तिखने प्रांतांवर धान्याचा कोटा बसवला, "राझव्योर्स्तका" हा शब्द तिथला. तोही पुरा झाला नाही.

तेव्हा वाहतूक हा आजाराचा ताप होता. रोग बाजार मोडल्याचा. यात नवल वाटायला नको : पिकाला बांधीव भाव आणि बियाण्याला मोकळा, याचं काय होतं हे नाशिक-लासलगावच्या माणसाला सांगायला पेत्रोग्राड लागत नाही.

---

सांधेवाला

लासलगाव मान्य, पण कोटा पुरा न होण्याचं एक कारण हेच की गोळा झालेलं धान्य नदीकाठी आणि सायबेरियाच्या स्टेशनांवर पडून राहिलं. दोन्ही गळे एकाच वेळी आवळले गेले असं म्हणा, भांडण मिटेल.

बाकी, वेशीबाहेर यांनी 27 वर गोष्ट थांबवली ती पुढे न्यायला हवी, कारण शहर फुटलं म्हणजे राजवट पडली असं नाही. पॅरिस 1871 मध्ये फुटलं होतंच, तरी फ्रान्सचं सरकार टिकलं. झार मोगिल्योवच्या मुख्यालयात होता. त्याने जनरल इवानोवला पदकधारी शिपायांची पलटण घेऊन पाठवलं, ती त्सार्स्कोये सेलोच्या पुढे गेली नाही. 28 ला दूमाचा (रशियन संसदेचा) सदस्य बुब्लिकोव थोडे शिपाई घेऊन वाहतूक मंत्रालयात शिरला आणि रेल्वेच्या तारयंत्रावरून देशभरातल्या प्रत्येक स्टेशनमास्तरला कळवलं की सत्ता दूमाकडे आली आहे. अनेक गावांना क्रांतीची पहिली खबर रेल्वेच्या तारेनेच मिळाली! झारची गाडी त्या रात्री मालाया विशेराला अडली, पुढचा मार्ग बंडखोरांच्या ताब्यात असल्याच्या बातमीवर मागे फिरली आणि बोलोगोये-द्नोमार्गे प्स्कोवला गेली. तिथे जनरल रुझ्स्की, आणि मुख्यालयातल्या जनरल अलेक्सेयेवने आघाड्यांच्या सेनापतींकडून गोळा केलेल्या तारा : पायउतार व्हा. 2 मार्चला सही. सम्राट शेवटचे दोन दिवस अक्षरशः यार्डात फिरत होता.

ऑगस्टमध्ये राजधानीवर सैन्य धाडणाऱ्या सेनापती कोर्निलोवचंही तेच. त्याच्या जनरल क्रिमोवची पथकं लुगाच्या आसपास अडकली कारण रेल्वे कामगारांनी रूळ उखडले, डबे भलत्या फाट्यांवर ढकलले.

---

बांधावरून

हे सगळं वाचायला झकास आहे, पण यातून *फेब्रुवारी* समजतो. ऑक्टोबर समजत नाही.

उपासमार एकट्या रशियात नव्हती. जर्मनीत 1916-17 च्या हिवाळ्यात ब्रिटिश नाकेबंदीपायी लोक बटाट्याऐवजी गुरांचे सलगम खात होते. व्हिएन्नात जानेवारी 1918 मध्ये पिठाचा वाटा घटवल्यावर प्रचंड संप झाला. फ्रान्सच्या सैन्यात 1917 च्या वसंतात, सरसेनापती निव्हेलच्या फसलेल्या चढाईनंतर, जवळपास निम्म्या डिव्हिजनांमध्ये हुकूम नाकारले गेले. त्याच्या जागी आलेल्या पेताँने काय केलं? सुमारे पन्नास जणांना गोळ्या घातल्या, बाकीच्यांना नियमित रजा आणि बरं जेवण दिलं, आणि मोठी चढाई थांबवली. सैन्य टिकलं. कारण फ्रेंच शिपायाच्या गावात त्याची जमीन त्याच्या नावावर होती. तो रजेवर जाऊन परत येत होता. रशियन शिपाई 1917 च्या उन्हाळ्यात गावी गेला तो परतला नाही, कारण तिकडे जमीनदाराच्या कुरणाची आणि जंगलाची वाटणी सुरू झाली होती आणि गैरहजर राहिलेल्याचा वाटा बुडणार होता.

झार गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारने जमिनीचा निर्णय संविधान सभेवर ढकलला आणि सभेची निवडणूक पुढे पुढे नेली. त्याचा परराष्ट्रमंत्री मिल्युकोव याने 18 एप्रिलला मित्रराष्ट्रांना लिहून दिलं की युद्ध विजयापर्यंत चालू राहील. पंधरवड्यात मंत्रिपद गेलं. युद्धमंत्री केरेन्स्कीने 18 जूनला चढाई केली, ती तीन आठवड्यांत उलटली. जमीन नाही आणि शांतता नाही. लेनिनने दोन्ही एकाच रात्रीत, 26 ऑक्टोबरला, कागदावर देऊन टाकली.

---

पाटावरवंटा

कारणांवर इतकं घुसळून झालं, परिणामांकडे कुणी वळलेलंच दिसत नाही. त्यातच माझ्या मते उत्तर आहे.

खतावणी यांनी रित्तिखच्या कोट्याचा उल्लेख केला, त्याची साखळी पुढे ओढते. नोव्हेंबर 1916 : झारचा मंत्री धान्याचा सक्तीचा कोटा लावतो. 25 मार्च 1917 : हंगामी सरकार, ज्यात उदारमतवादी बसलेले आहेत, धान्यावर सरकारी मक्तेदारी जाहीर करतं, शेतकऱ्याने बियाणं, घरखर्च आणि चारा सोडून सगळं सरकारला बांधीव भावाने द्यायचं. मे 1918 : बोल्शेविकांची "अन्न हुकूमशाही" आणि शहरातून गावात निघालेली सशस्त्र पथकं. जानेवारी 1919 : देशभर सक्तीची वसुली, नाव तेच, राझव्योर्स्तका. तीन राजवटी, तीन झेंडे, आणि एकच खातं पुढे चाललेलं. ज्याला आपण साम्यवादी धोरण म्हणतो त्याचा मोठा भाग युद्धकाळात घडलेल्या सरकारी सवयींचा आहे. सगळ्याच लढणाऱ्या देशांनी धान्य, कोळसा, मजूर यांचा ताबा घेतला होता. रशियात युद्ध 1918 ला थांबलंच नाही, म्हणून ती सवय सुटली नाही.

आणि भुकेने पेटलेल्या राजधानीचं पुढे काय झालं? 24 लाखांचं पेत्रोग्राड 1920 पर्यंत सात लाखांच्या आसपास उतरलं. मेले ते मेले, उरलेले खेड्याकडे गेले. ज्या कामगारांच्या नावाने क्रांती झाली तो वर्गच शहरातून विरघळला. 1921-22 च्या व्होल्गाकाठच्या दुष्काळात सुमारे पन्नास लाख गेले. पाऊस नव्हता हे खरं, पण सक्तीच्या वसुलीने कोठारातली बियाण्याची राससुद्धा उचलून नेली होती, त्यामुळे एक नापीक हंगामही सोसवला नाही.

तेव्हा बांधावरून, तुमच्या शेतकऱ्याला जमीन मिळाली हे खरं; तिच्यावरचं पीक त्याचं राहिलं नाही.

---

तिसरी घंटा

ताई, हे जरा फार होतंय. जर्मनीनेही धान्य ताब्यात घेतलं होतं, युद्धानंतर तिथे चेका (बोल्शेविकांचे गुप्त पोलीस) उभी राहिली नाही. सवय युद्धाची असेल, पण डिसेंबर 1917 मध्ये चेका स्थापायचा आणि निवडून आलेली संविधान सभा 6 जानेवारी 1918 ला, एका दिवसाच्या बैठकीनंतर, बंद करायचा निर्णय कुठल्या वेळापत्रकात होता? तो माणसांनी घेतला.

---

वेशीबाहेर

मला पाटावरवंटा यांची बाजू जास्त पटते, कारण यादवी युद्धाची ठिणगीसुद्धा महायुद्धाच्याच सामानातली. ऑस्ट्रियन सैन्यातले चेक-स्लोवाक युद्धकैदी आणि रशियातले चेक रहिवासी मिळून एक दल उभं केलं होतं, 40 हजारांच्या आसपास. जर्मनीशी झालेल्या ब्रेस्त-लितोव्स्कच्या तहानंतर (3 मार्च 1918, नवीन पंचांग) हे दल लढायचं कुठे? ठरलं की व्लादिवोस्तोकहून जहाजाने फ्रान्सला. सांधेवाला यांना आवडेल : गाड्या पेंझापासून व्लादिवोस्तोकपर्यंत हजारो किलोमीटरवर विखुरलेल्या. मेमध्ये चेल्याबिन्स्कला हंगेरियन कैद्यांशी मारामारी झाली, बोल्शेविकांचा युद्धमंत्री त्रोत्स्की याने शस्त्रं काढून घ्यायचा हुकूम दिला, आणि काही आठवड्यांत जवळजवळ अख्खा सायबेरियन लोहमार्ग त्यांच्या ताब्यात. त्या आडोशाला बोल्शेविकविरोधी सरकारं उभी राहिली. दीड-दोन हजार किलोमीटरची आघाडी कुठल्याही विचारसरणीने आखली नव्हती, ती रुळांवर अडकलेल्या कैद्यांनी आखली.

---

खतावणी

थोडं विषयांतर, पण नोटांचा मुद्दा आपल्याकडेही लागू होतो. युद्धात चांदीचा भाव इतका चढला की रुपयाच्या नाण्यातली चांदी रुपयाहून महाग व्हायला लागली, लोक नाणी दडवू लागले. सरकारने 30 नोव्हेंबर 1917 ला पहिल्यांदा एक रुपयाची नोट काढली, आणि 1918 मध्ये अमेरिकेने आपल्या साठ्यातली 20 कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी मोकळी केली म्हणून नोटांवरचा विश्वास टिकला. भाव मात्र चढलेच : जानेवारी 1919 मध्ये मुंबईतल्या लाखावर गिरणी कामगारांनी महागाईसाठीच संप केला. मुंबईत क्रांती झाली नाही, कारण सरकार एका सातासमुद्रापारच्या तिजोरीला टेकलेलं होतं. पेत्रोग्राडच्या मागे तशी तिजोरी नव्हती, उलट त्याच्यावरच फ्रान्सचं कर्ज.

---

बांधावरून

तिजोरीचं उदाहरण चांगलं आहे, पण मुंबईच्या कामगाराच्या मागे कोकण-देशावरचं गाव जमीनदारावर चालून जायला निघालेलं नव्हतं, हेही लिहा. गाव शांत असेल तर शहराचा संप संपच राहतो.

---

सांधेवाला

मग शेवटचा आकडा टाकतो, त्याचं काय करता बघा. नोव्हेंबर 1917 च्या संविधान सभेच्या निवडणुकीत समाजवादी क्रांतिकारकांना, म्हणजे शेतकऱ्यांच्या पक्षाला, सुमारे 40 टक्के मतं, बोल्शेविकांना 24. तुमचा गावाचा सिद्धांत खरा तर सत्ता पहिल्यांकडे जायला हवी होती. पण बोल्शेविकांची मतं कुठे साचली? पेत्रोग्राड आणि मॉस्कोत 45 टक्क्यांच्या पुढे-मागे, पश्चिम आघाडीवर दोन तृतीयांश, उत्तर आघाडीवर निम्म्याहून जास्त. दूरच्या रुमानियन आघाडीवर ते मागे पडले. म्हणजे दोन राजधान्या आणि त्यांच्याकडे येणाऱ्या रुळांवरचं सैन्य. जंक्शनं त्यांच्याकडे होती, उरलेला नकाशा दुसऱ्यांकडे.

---

बांधावरून

जंक्शन घेता येतं, ते धरून ठेवायला आजूबाजूचं रान गप्प असावं लागतं. ते गप्प का बसलं? 26 ऑक्टोबरचा जमिनीचा हुकूम वाचा. त्याचा गाभा 242 ठिकाणच्या शेतकऱ्यांच्या मागणीपत्रांवरून तयार झालेला आहे, आणि ती मागणीपत्रं एकत्र केली होती समाजवादी क्रांतिकारकांच्याच मंडळींनी. लेनिनला सभेतच विचारलं गेलं की हे तर दुसऱ्यांचं लिखाण आहे. तो म्हणाला, असेना.